सहावं शील

जुन्या मित्राला, तुळशीरामला, नागपूरच्या गाडीत बसवून, त्याची पिशवी बाकाखाली सारून, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभं राहून चंद्रशेखर शेगाव स्टेशनचा पूल चढला आणि उतरताना अर्ध्यातच थांबला. खाली एक नंबर फलाटाच्या टोकाला, जिथं पत्रे संपतात आणि कडुनिंबाची सावली सुरू होते, तिथल्या बाकावर त्याची बायको बसली होती. पांढरी साडी, पांढरं पोलकं, मांडीवर कापडी पिशवी, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. हातात कागद आणि कागदावर कचोरी. कचोरी गरम असावी, कारण ती फुंकर घालत होती. दुपारचे तीन वाजायला आले होते, भाद्रपदातली पौर्णिमा होती आणि पंचफुलानं त्या दिवशी अष्टशील घेतलेलं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, की अष्टशील घेतलेली उपासिका बारा वाजून गेले की अन्नाला शिवत नाही. पाणी चालतं, तेवढंच. आठांतलं सहावं शील तेच. गेली नऊ वर्षं पंचफुला दर पौर्णिमेला सकाळच्या एसटीनं खामगावहून शेगावच्या विहारात जात होती, मावसबहीण भिमाबाई आणि तिथल्या बायांबरोबर दिवसभर बसत होती, आणि संध्याकाळी वाळलेल्या तोंडानं परत येत होती. निदान चंद्रशेखरला तरी ते तोंड वाळलेलं वाटत आलं होतं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, ही दुसरी कुणीतरी बाई. पांढऱ्या साडीतल्या बाया लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. पण डाव्या खांद्यावरचा पदर वारंवार मागं टाकायची ती सवय दुसऱ्या कुणाची असणार? मग त्याचं मास्तरी डोकं कामाला लागलं. पस्तीस वर्षं पेपर तपासलेला माणूस, चूक दिसली की लाल पेन शोधतो. सहावं शील मोडलं. खोटं बोलली म्हणजे चौथंही मोडलं, आणि ते तर नऊ वर्षं मोडत आली असणार. तेवढ्यात तिनं तळलेल्या मिरचीचा तुकडा तोडला, डोळ्यांत पाणी आलं, तिनं मान हलवत सूं सूं केलं आणि एकटीच हसली. मग पाय हलवत काहीतरी गुणगुणू लागली. शब्द काही पुलापर्यंत पोचत नव्हते, पण डोकं तालावर हलत होतं. गाणं, म्हणजे सातवंही गेलं. आठवं उंच आसनाचं, बाक उंच होता असं धरलं तर तेसुद्धा. हिशेब इथपर्यंत आला आणि एकदम त्याच्या लक्षात आलं, की आपण शीलं मोजतो आहोत कारण त्या चेहऱ्याकडं बघवत नाही. हा चेहरा त्यानं पाहिलेला नव्हता. छत्तीस वर्षं एका छपराखाली राहून, लेक वाढवून, दोघांची आजारपणं काढून हा चेहरा त्याला एकदाही दिसलेला नव्हता, आणि तो एका कचोरीला मिळत होता. चंद्रशेखरला त्या कचोरीचा मत्सर वाटला. चौसष्टाव्या वर्षी माणसाला कशाचा मत्सर वाटेल, सांगता येत नाही.

खाली उतरून सरळ समोर जाऊन उभं राहायचं, एवढीच गोष्ट होती. पण पाय निघेना. शर्टाच्या खिशात घडी घातलेले चार कागद होते. संध्याकाळी साडेसहाला खामगावच्या विहारात, पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या व्याख्यानमालेत, त्याचं भाषण होतं. विषय दर वर्षीचाच: सुख हे मानवी जीवनाचं अंतिम ध्येय आहे काय? बारा वर्षं तो हे भाषण देत आला होता आणि बाराही वर्षं उत्तर एकच होतं, नाही. सुख हा रस्त्यावरचा थांबा, मुक्काम नव्हे. जिभेच्या मागं लागलेला माणूस आणि गळाला लागलेला मासा यांत फरक नाही. चौथ्या कागदावर दृष्टांत होता. लांबचं कशाला, माझ्या घरातलं उदाहरण सांगतो, असं म्हणून तो पंचफुलाकडं हात करत असे: ही बाई नऊ वर्षं दर पौर्णिमेला दुपारनंतर घास घेत नाही, तिला काही कमी पडलं का? बाया मागं वळून बघत. पंचफुला पदर सावरून खाली बघे. लाजते आहे, असं त्याला वाटायचं. यंदा तर विहार समितीनं तिला शाल द्यायचं ठरवलं होतं, भाषण संपल्याबरोबर, आणि ती सूचना त्यानंच मांडली होती. म्हणजे आता साडेतीन तासांनी त्याला दोनशे माणसांसमोर एक तर खोटं बोलायचं होतं, नाही तर बायकोला उघडं पाडायचं होतं. येताना स्कूटरवर मागं बसलेला तुळशीराम कानाशी ओरडत होता, "अबे चंद्र्या, सुख नाई ध्येय तं काय दुःख हाय का बे? माणूस खाज सुटली तं खाजोते कशासाठी?" तुळशीराम विज्ञानाचा मास्तर, त्याचे दृष्टांत तसलेच. चंद्रशेखरनं नेहमीप्रमाणं त्याला मध्यम मार्ग समजावून सांगितला होता. तुळशीराम म्हणाला होता, "थो मध्यम मार्ग तुह्या घरावरून जातच नाई, बायपास हाय तिथं." तेव्हा तो हसला होता. आता पुलाच्या कठड्याला धरून उभा असताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि हसू आलं नाही.

हेच स्टेशन, हाच फलाट, नऊ वर्षांपूर्वी. लेकीकडून, समताकडून, नागपूरहून येताना दोघं इथंच उतरले होते. कढईतून कचोऱ्या निघत होत्या आणि पंचफुला चालता चालता मागं रेंगाळली. "एक घेऊ का?" एवढंच म्हणाली. तो काय म्हणाला, ते त्याला शब्दन् शब्द आठवलं, कारण तेव्हा ते वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं होतं. "जिभेचे लाड पुरवायलेच जन्मलो का आपण?" ती हसली होती आणि पिशवी उचलून पुढं चालू लागली होती. त्यात रागही नव्हता. दोन महिन्यांनी ती म्हणाली, "पुनवेले अष्टशील घेऊन पाह्यतो म्हन्ते मी. शेगावले. भिमाबाई हाय तिथं." केवढा आनंद झाला होता त्याला! आपल्या बोलण्याचा कुणावर परिणाम झाला, हे मास्तराला दिसलं की त्याला दुसरं काही लागत नाही. त्यानंच पांढऱ्या साड्या आणून दिल्या, दोन. आज ती त्यांतलीच एक नेसून बसली होती.

पण असं का व्हावं? तो काही दुष्ट माणूस नव्हता. हात उगारला नाही, दारू शिवला नाही, ताटात पडेल ते मुकाट्यानं खाल्लं. अन्नाला नाव ठेवायचं नाही, हा वडलांचा दंडक. शंकरराव रोहिणखेडला दुसऱ्यांच्या शेतात राबले, दीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीत सोडून आले आणि त्या दिवसापासून हसणंही जरा कमीच केलं त्यांनी. "आपल्याले मजा करायले टाइम नाई, बापू," ते म्हणत. "दोन पिढ्या झिजतीन तवा तिसरी बसून खाईन." चंद्रशेखर दुसऱ्या पिढीचा. झिजायची पाळी त्याची होती आणि तो ती इमानानं पार पाडत आला होता. गावच्या संदलच्या मिरवणुकीला सगळी पोरं जात, तो दिव्याखाली बसे. सिनेमा नाही, पत्ते नाहीत, पानसुद्धा नाही. समता तिसरी पिढी. तिच्या घरी सगळं आहे, आणि तीसुद्धा परवा फोनवर म्हणाली होती, "बाबा, मले बसून खाताच येत नाही. सुट्टीच्या दिवशी छातीत धडधडते." तेव्हा त्यानं तिला डॉक्टरला दाखव म्हणून सांगितलं होतं. दोन पिढ्या झिजल्यावर तिसरीला खायची सवयच राहत नाही, हे शंकररावांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग, का कोण जाणे, मलकापूरची रसवंती आठवली. दहावीचा निकाल लागला होता, तालुक्यात नाव आलं होतं. शाळेतून निघाल्यावर वडील पुढं चालत होते. बसस्टँडजवळ घुंगरं वाजत होती. शंकरराव थांबले, एकच गिलास सांगितला आणि त्याच्या हातात दिला. "तुमाले?" त्यानं विचारलं. "मले नाई आवडत," ते म्हणाले. हा प्रसंग चंद्रशेखर भाषणात सांगत असे, त्यागाचं उदाहरण म्हणून, तिसऱ्या कागदावर. पण सांगताना एक गोष्ट तो नेहमी गाळत होता. गाळत होता असंही नाही, त्याला ती दिसलीच नव्हती. तो पीत असताना वडील समोर उभे राहून त्याच्या घशाकडं बघत होते. प्रत्येक घोटाबरोबर त्यांचा गळा हलत होता. ओठ जरा उघडे होते आणि डोळ्यांत जे होतं तो त्याग बिग काही नव्हता. ते शुद्ध सुख होतं. उन्हात उभा असलेला, फाटक्या धोतरातला माणूस त्या वेळी अख्ख्या मलकापुरात सगळ्यांत सुखी होता. आणि त्याच्या पोरानं पन्नास वर्षं त्या सुखाला त्याग म्हणून खपवलं होतं.

पंचफुलानं कागदाची घडी केली, हात पुसले, चपला घातल्या आणि ती फाटकाकडं निघाली. चालही वेगळी होती, मोकळी. ती दिसेनाशी झाल्यावर तो खाली आला आणि तिच्याच जागेवर बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाशी, पायाशी टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती, टोपलीत पेरू. आतापर्यंत ती त्याला दिसलीच नव्हती. तिच्याही हातात कचोरीचा कागद होता आणि ती बोटानं त्यातला चुरा वेचत होती.

"आता होत्या त्या बाई," त्यानं उगाच खाकरून विचारलं, "ओळखीच्या हायेत का?"

"थे? हाव. पुनवेवाली." म्हातारीनं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "दर पुनवेले येते. दोन घेते. एक मले देते. म्हन्ते, केसरबाई, एकटीनं खाल्लं का अर्धीच चव लागते."

"आन् घरी कोन हाय म्हन्तात त्या?"

"मालक हायेत ना. मास्तर होते. लय चांगले हायेत म्हन्ते, देवमाणूस." केसरबाईनं कागदाचा बोळा केला. "फक्त बिचाऱ्याले चव नाई येत म्हन्ते कशाची. काई बिमारी असन बाप्पा. तुमाले पेरू देऊ का?"

त्यानं पेरू घेतला नाही. उठून कढईपाशी गेला आणि दोन कचोऱ्या बांधून घेतल्या. खायला नव्हे. मुद्देमाल म्हणून. संध्याकाळी घरी तिच्यापुढं ठेवायच्या आणि एक अक्षर न बोलता बघत राहायचं, असं त्यानं ठरवलं. कागदाची पुडी छातीच्या खिशात, भाषणाच्या कागदांना लागून ठेवली. ती गरम लागत होती. खामगावच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, आणि तो स्कूटर चालवत स्वतःशीच भांडत होता. फसवलं. नऊ वर्षं. पण काय चोरलं तिनं कुणाचं? दोन घेऊन एक वाटली. हे दान नव्हे तर काय? मग अष्टशील कशाला घ्यावं? मी साधं जाऊन येते म्हणून सांगता येत नव्हतं? कुणाला सांगायचं? ज्याला चव नाही त्याला? देवमाणूस म्हणाली. त्या शब्दापेक्षा शिवी परवडली असती. देवांना फक्त नैवेद्य दाखवतात, ते काही खात नाहीत, आणि आपण तर देव कधीच नदीत सोडून आलेले.

घरी तिच्यासमोर जायचं जिवावर आलं, रस्त्यातच वेळ काढून तो साडेसहाला सरळ विहारात गेला. पंचफुला पुढच्या रांगेत बसली होती, तोंड वाळलेलं, पदर नीट. त्रिशरण झालं, पंचशील झालं. चौथं शील म्हणताना त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि आवाज नेहमीसारखाच स्वच्छ होता. टेबलावर शाल ठेवलेली होती. तो उभा राहिला, कागद काढले आणि सुरू झाला. पहिला कागद पाठ होता, दुसराही. तिसऱ्यावर रसवंती आली तेव्हा त्यानं ती वगळली आणि त्याऐवजी सुजाताच्या गोष्टीवर गेला: सिद्धार्थानं सहा वर्षं देह कष्टवला, हाडांचा सापळा झाला, आणि मग सुजातानं खीर दिली, ती त्यानं स्वीकारली. स्वीकारली, हा शब्द उच्चारून तो थांबला. फार वर्षांपूर्वी, लग्न नवीन असताना, ही गोष्ट त्यानं घरी सांगितली होती आणि भाकरी थापता थापता पंचफुलानं विचारलं होतं, "अवो, खीर गोड होती का?" त्याला राग आला होता. एवढ्या मोठ्या प्रसंगात हिला साखरेची पडली, असं वाटलं होतं आणि त्यानं उत्तर दिलं नव्हतं. तिनंही पुन्हा विचारलं नाही. नंतर कधी काही विचारलं नाही तिनं, गोष्टींबद्दल.

सभागृहात पंखे फिरत होते. दोनशे माणसं वाट बघत होती. चौथा कागद हातात होता, तेल उतरून तो पारदर्शक झाला होता. "एका बाईनं मले एकदा प्रश्न केला होता," चंद्रशेखर म्हणाला आणि व्यासपीठावरची प्रमाण भाषा आपल्या तोंडातून निसटली, हे त्याला ऐकू आलं. "का खीर गोड होती का. मी उत्तर देल्लं नाई. उत्तर मालूम नव्हतं म्हणून नाई. प्रश्नच लहान वाटला. सहा वर्षं उपाशी माणसाच्या जिभेवर पह्यला घास पडला. गोड लागला असन का नाई? लागलाच असन. त्यानं थुंकून नाई टाकला. बारा वर्षं मी तुमाले सांगतो, सुख ध्येय नाई. आज इचारसान तं मले मालूम नाई. ज्यानं चाखलंच नाई त्यानं ध्येय हाय का नाई हे सांगू नये, एवढंच मले आज समजलं." तो खाली बसला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. मग थोड्या वाजल्या. शाल दिली गेली. पंचफुलानं ती घेतली, पण ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. ती त्याच्या खिशाकडं बघत होती. पांढऱ्या शर्टावर, बरोबर छातीवर, हाताच्या पंजाएवढा तेलाचा डाग पसरला होता.

दोघं स्कूटरवरून घरी आले. आत आल्यावर तिनं शाल खुंटीला अडकवली, दिवा लावला आणि म्हणाली, "शर्ट काढा पह्यले. भिजू घालतो. शिळा झाला का निंगत नाई तेलाचा डाग."

त्यानं पुडी काढून टेबलावर ठेवली आणि शर्ट काढून तिच्याकडं दिला. ठरवलेलं सगळं विसरला. "भिमाबाईले मालूम हाय?"

"तिनंच तं बाक दाखोला."

"मले सांगाले काय झालं होतं? मी काय नाई म्हनलो असतो?"

"नसते म्हनले," ती म्हणाली. "हो म्हनले असते. आन् संगं येऊन बसले असते. आन् कचोरी कशी अनित्य हाय ते समजावलं असतं मले." हे बोलताना तिच्या आवाजात चेष्टा होती, पण बोटं शर्टाच्या डागावर साबण घासत होती, जरा जास्तच जोरानं.

तो बनियनवरच मोरीच्या दाराशी गेला. मग म्हणाला, "पुढच्या पुनवेले येऊ का मी? काई बोलनार नाई."

"नको," पंचफुला म्हणाली. "तुमी आले का मंग थो खरंच उपास होऊन जाईन."

हे त्याला लागलं. लागणारच होतं. त्याला वाटलं होतं, आज भर सभेत आपण एवढं मोठं काही कबूल केलं, आता दार उघडेल. दार होतं, पण ते तिचं होतं. तो ताट घेऊन जेवायला बसला. एरवी पौर्णिमेला ती परत यायच्या आतच तो एकटा जेवून, ताट धुऊन ठेवत असे. सकाळी जाण्याआधी ती भाकर आणि वांग्याची भाजी करून झाकून ठेवायची. त्यानं घास घेतला, नेहमीसारखा, आणि नेहमीसारखाच गिळणार होता. पण घास तोंडात राहिला. वांगं होतं, शेंगदाण्याचा कूट होता, लसूण होता, हे त्याला एकेक करून कळत गेलं. अंधाऱ्या खोलीत आल्यावर सामान दिसायला लागतं तसं. आणि त्यात काहीतरी नव्हतं. त्यानं दुसरा घास घेतला. जीभ फिरवली. आयुष्यभर न म्हटलेलं वाक्य बाहेर आलं.

"भाजीत मीठ नाई," तो म्हणाला.

मोरीतला पाण्याचा आवाज थांबला. पंचफुला ओल्या हातानंच दारात आली.

"कमी हाय?"

"कमी नाई. नाईच."

"घातलंच नाई," ती म्हणाली.

"विसरली?"

"दर पुनवेले घालत नाई." ती चौकटीला टेकली. "नऊ वर्षं झाले. मनाशी ठरोलं होतं, ज्या दिवशी तुमी म्हनसान का मीठ नाई, त्या दिवशी सगळं सांगून टाकीन. तुमी दर खेपेले ताट साफ करून उठले."

त्यानं मनात पौर्णिमा मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या. शंभरावर होत्या. शंभर वेळा ती शेगावहून आली होती, दारात चपला काढल्या होत्या, आणि सगळ्यांत आधी त्याच्या धुतलेल्या ताटाकडं पाहिलं होतं. वाळलेलं तोंड दिसायचं ते त्यानंतरचं.

तिनं मिठाची वाटी आणली, त्याच्या ताटाशी सरकवली आणि समोर पाटावर बसली. त्यानं चिमूटभर मीठ भाजीत कालवलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि घास तोंडात घातला. ती त्याच्या घशाकडं बघत होती, आणि त्यानं घास गिळला तेव्हा तिचाही गळा हलला.